क्लिओपात्राच्या नावाचं पेंडंट: सिंह उलटा, अंडं गायब

पाचपैकी तीन स्टार देतोय. पॉलिश छान आहे, साखळी मजबूत, कडी सहज उघडत नाही, डबी तर एवढी भारी की लेकीने पेंडंट बाजूला ठेवून आधी डबीच ताब्यात घेतली. डिलिव्हरी पण सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी. आता एवढं सगळं चांगलं असून दोन स्टार का कापले ते सांगतो, जरा लांबण लागेल, पण ज्यांना नुसतं गळ्यात काहीतरी चमकणारं हवंय त्यांनी इथेच थांबून ऑर्डर करून टाका, तुमचं काही बिघडणार नाही. ज्यांना त्यावर काय लिहिलंय याच्याशी घेणंदेणं आहे त्यांनी पुढे वाचा.

तर वस्तू काय आहे? इजिप्शियन पद्धतीचं उभं, लांबट गोल चौकटीचं चांदीचं पेंडंट आणि त्या चौकटीत चित्रलिपीत क्लिओपात्राचं नाव. सोबत एक जाड कार्ड, त्यावर नावाचं मूळ आणि अर्थ. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर घरात इजिप्त सोडून दुसरा विषय नाही, डोळ्यांत काजळ पार कानापर्यंत ओढते म्हणून आम्ही तिला क्लिओच म्हणतो. वाढदिवसाला हे द्यायचं ठरवलं. कार्ड वाचून मी तर खूशच झालो. ‘मूळ: इजिप्शियन. अर्थ: वडिलांची शान.’ म्हटलं वा, पैसे वसूल, बापाची जाहिरात लेकीच्या गळ्यात.

लेकीने पेंडंट हातात घेतलं, अर्धा मिनिट निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा सिंह उलटा बसलाय."

मला वाटलं काहीतरी बोलतेय. तिने मोबाईलचा टॉर्च लावून दाखवलं. सिंहाचं तोंड उजवीकडे, गिधाडाचं डावीकडे. दोघं एकमेकांशी भांडण झाल्यासारखे पाठ करून बसलेले. आता या लिपीचा नियम असा की माणूस, पशू, पक्षी सगळे ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात, म्हणजे वाचणाऱ्याने त्यांच्या तोंडाकडून आत शिरायचं. पक्षी उजवीकडे बघत असेल तर उजवीकडून वाचा, डावीकडे बघत असेल तर डावीकडून. म्हणून ही लिपी दोन्ही बाजूंनी लिहिता येते आणि तरी गोंधळ होत नाही. आमच्या पेंडंटवर मात्र एकाच नावात दोन दिशा. सिंहाचं ऐकायचं की गिधाडाचं?

बरं, इथपर्यंत मी म्हटलं जाऊदे, कारागिराकडून साचा उलटा लागला असेल. पण पोरगी थांबेना. तिने वहीतून स्वतः काढलेलं एक पान आणलं आणि एकेक चिन्ह लावून बघायला लागली, आणि मग मलाही त्यात रस यायला लागला, खोटं कशाला बोलू.

ती लांबट चौकट असते ना, ती म्हणजे दोरीची गाठ मारलेली वेटोळी, राजाराणीचं नाव तिच्या आत लिहायचं. ज्या टोकाला आडवी रेघ असते ती गाठ, आणि ती नाव संपतं त्या बाजूला असते. तिला कार्टूश म्हणतात, हा शब्द नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतल्या फ्रेंच सैनिकांचा, त्यांना तो आकार बंदुकीच्या काडतुसासारखा दिसला. आणि गंमत बघा, आपलं काडतूस पोर्तुगीजांकडून आलेलं, ते पण त्याच घराण्यातलं. म्हणजे आपण बिनधास्त म्हणू शकतो की लेकीच्या गळ्यात काडतूस आहे. (आईला हे आवडलं नाही.) गाठ बरोबर खालच्या टोकाला आहे, त्याचा अर्धा स्टार मी दिलेल्या तीनमध्ये धरलाय.

आता खरा मुद्दा म्हणजे अक्षरं. क्लिओपात्राचं नाव चित्रलिपीत कसं लिहायचं हा कुणाच्या आवडीचा प्रश्न नाहीये, कारण ही लिपी मुळात उलगडली त्यात याच नावाचा मोठा हात आहे. रोझेटाचा शिळालेख, म्हणजे एकच मजकूर चित्रलिपीत आणि ग्रीकमध्येही कोरलेला दगड, 1799 मध्ये सापडला, तो इ.स.पू. 196 चा, पाचव्या टॉलेमीच्या काळातला (टॉलेमी म्हणजे इजिप्तवर राज्य करणारं ग्रीक घराणं, राजांचं नावही तेच). पण त्याचा चित्रलिपीचा भाग वरून फुटलेला, उरलेल्या भागात चौकटीतलं नाव एकच, टॉलेमी. एका नावावरून अक्षरं लावली तरी ती बरोबर की चूक हे ताडून कशाशी बघणार? मग इजिप्तमधल्या फिलाई बेटावरचा एक ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी खांब, बँक्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने इंग्लंडला नेला, त्याच्या पायथ्यावर ग्रीक लेख होता, त्यात टॉलेमी आणि क्लिओपात्रा दोन्ही नावं, आणि वर खांबावर चित्रलिपीत दोन चौकटी. त्याची नक्कल शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाच्या हातात 1822 मध्ये पडली आणि सप्टेंबर 1822 मध्ये त्याने ते प्रसिद्ध पत्र लिहिलं.

त्याने काय केलं ते लेकीच्या वहीतलं पान समोर धरून करून बघता येतं, आम्ही जेवणाच्या टेबलावर केलं. टॉलेमीच्या नावात पहिलं चिन्ह चौकोन, म्हणजे प. क्लिओपात्रात प कुठे हवा? पाचवा. पाचव्या जागी चौकोन आहे का? आहे. टॉलेमीत चौथा सिंह, म्हणजे ल, इकडे दुसऱ्या जागी सिंह. टॉलेमीत तिसरा दोरीचा फास, म्हणजे ओ, इकडे चौथ्या जागी फास. तिसऱ्या जागी बोरूचं पान, ते ए. आणि सगळ्यात भारी म्हणजे सहावं आणि नववं चिन्ह एकच हवं, कारण नावात आ दोनदा येतो, आणि दोन्ही जागी तेच गिधाड! आठव्या जागी तोंड, म्हणजे र. पहिल्या जागी टेकडीच्या उतारासारखा त्रिकोण, म्हणजे क. एवढं जुळल्यावर अंगावर काटा येतो, दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाला हे पहिल्यांदा जुळताना दिसलं असेल तेव्हा काय झालं असेल.

फक्त सातवं चिन्ह नडतं. टॉलेमीत त साठी पावाचा छोटा अर्धगोल असतो, इकडे त च्या जागी माणसाचा पंजा. मूळ तो द चा, पण तोवर त आणि द इतके जवळ आले होते की परकी नावं लिहिताना कुठलाही चाले. शांपोलियोंने ओळखलं की एकाच आवाजाला दोन चिन्हं असू शकतात, आणि तिथेच पुढचं कुलूप निघालं. आणि नाव संपल्यावर शेवटी पावाचा अर्धगोल आणि त्याच्या शेजारी अंडं, हे दोन्ही वाचायचे नाहीत, ते फक्त सांगतात की ही बाई आहे, राणी किंवा देवी.

(ती ओबेलिस्कवरची क्लिओपात्रा म्हणजे आपली सिनेमावाली नव्हे हां, ती आठव्या टॉलेमीच्या काळातली, आपल्या बाईंच्या कितीतरी आधीची. हे पण कार्डावाल्यांना सांगायला हवं, त्यांनी मागे ओबेलिस्कचं चित्र छापून खाली सीझर लिहिलंय.)

आता आमच्या पेंडंटवर काय आहे? पहिल्या जागी त्रिकोण नाही, कानाची टोपली. सातव्या जागी पंजा नाही, पाव. आणि शेवटी ना पाव ना अंडं, गिधाडावर गाडी थांबली. म्हणजे यांनी काय केलंय तर एबीसीडीच्या शेजारी एकेक चित्र छापलेला तो तक्ता असतो ना, पर्यटकांसाठीचा, तो समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंगची नऊ अक्षरं एकाखाली एक चिकटवलीत. असं तुम्ही माझं नाव पण लिहून देऊ शकता, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं पण. पण मी कुत्र्याचं नाव मागितलं नव्हतं. क्लिओपात्रा हे नाव त्या काळच्या लोकांनी स्वतः दगडात कोरून ठेवलंय, डेंडेराच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर ती मुलाला घेऊन एवढी मोठी उभी आहे. तिथून उतरवून घ्यायचं सोडून तक्ता कशाला? मान्य, त्या काळी पण स्पेलिंग ठिकाणागणिक थोडं बदलायचं, कुठे एखादं चिन्ह गाळलेलं, कुठे जागा पुढेमागे. मी हटून बसलेलो नाही. पण अंडं तरी द्या! अंड्याशिवाय राणी कसली.

कस्टमर केअरला लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं की सर हे आमचं स्टँडर्ड डिझाइन आहे आणि आतापर्यंत कोणाची तक्रार आलेली नाही. दुसऱ्यांदा लिहिलं तर विचारलं की सर तुम्हाला साइझमध्ये प्रॉब्लेम आहे का. तिसऱ्यांदा मी फोटोवर लाल गोल करून पाठवले, सिंहावर एक, गिधाडावर एक, रिकाम्या जागेवर एक, आणि लिहिलं ‘इथे अंडं हवं’. त्यावर बराच वेळ तीन टिंबं उड्या मारत राहिली.

ते उत्तर येईपर्यंत कार्डाकडे वळतो, कारण दुसरा स्टार तिथे कापलाय.

‘मूळ: इजिप्शियन’ हे सरळ चूक. नाव शंभर टक्के ग्रीक आहे. आणि इजिप्तमध्ये ते आलं कसं तर सून म्हणून आलं. टॉलेमींच्या घरात सुरुवातीला राण्यांची नावं आर्सिनोए आणि बेरेनिके, आलटून पालटून तीच. मग सीरियाकडच्या सेल्युकिड घराण्यातल्या तिसऱ्या अँटायोकसने इ.स.पू. 193 च्या सुमारास आपली मुलगी पाचव्या टॉलेमीला दिली, म्हणजे त्याच रोझेटावाल्या, आणि तिचं नाव क्लिओपात्रा. तीच इजिप्तची पहिली. तिच्यानंतर मात्र या घराने ते नाव असं उचललं की पुढे कुठली क्लिओपात्रा कोणाची आई, कोणाची बहीण, कोणाची बायको हे कळायला भिंतीवर तक्ता लावावा लागतो, आणि तक्ता लावूनही कळत नाही कारण बऱ्याचदा तिन्ही एकच असते. सिनेमावालीला आपण सातवी म्हणतो ते पण आताच्या इतिहासकारांनी सोयीसाठी घातलेले नंबर, तिला स्वतःला कोणी सातवी म्हणून हाक मारलेली नाही.

त्याही आधी हे नाव मॅसेडोनियाच्या राजघराण्यात होतं. अलेक्झांडरची सख्खी बहीण क्लिओपात्रा. तिचं लग्न इ.स.पू. 336 मध्ये एगाई इथे तिच्या सख्ख्या मामाशी, एपिरसच्या राजाशी लागलं, तो पण अलेक्झांडरच, आणि त्याच लग्नसोहळ्यात तिच्या बापाचा, दुसऱ्या फिलिपचा, त्याच्याच अंगरक्षकाने भर सभेत खून केला. आणि फिलिपची शेवटची बायको, तिचंही नाव क्लिओपात्रा! म्हणजे एकाच घरात मुलगी क्लिओपात्रा आणि सावत्र आई क्लिओपात्रा. आमच्या इजिप्तवेडीला हे सांगितलं तर म्हणे मग हाक मारली की दोघी येत असतील.

आता अर्थ. ‘वडिलांची शान’. हे अगदी खोटं नाही म्हणून अर्धाच स्टार. ग्रीकमध्ये क्लेओस आणि पातेर असे दोन तुकडे. पातेर म्हणजे वडील, आपला पितृ तोच, एका आजोबाची नातवंडं. क्लेओस म्हणजे कीर्ती, पण साधी कीर्ती नाही, ऐकू येणारी कीर्ती. ज्या धातूपासून तो शब्द निघाला त्याचा अर्थच ऐकणे, आणि संस्कृतातला श्रु हा त्याचा सख्खा भाऊ. श्रवण, श्रोता, श्रुती सगळे त्यातले. संस्कृतात तर क्लेओसचा जुळा शब्दच आहे, श्रवस्, अर्थ कीर्ती. महाभारतातला भूरिश्रवा आठवतो? भरपूर कीर्ती असलेला. रावणाचा बाप विश्रवा. आणि ऋग्वेदात ‘अक्षित’ श्रवस् येतं, कधी न झिजणारी कीर्ती, आणि ग्रीक महाकवी होमरच्या इलियडमध्ये नवव्या सर्गात ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस म्हणतो की मी इथे ट्रॉयलाच लढत राहिलो तर घरी परतणं गेलं पण ‘क्लेओस आफ्थितोन’ मिळेल. अक्षित आणि आफ्थितोन, तुकड्या तुकड्याला जुळतं. कून नावाच्या जर्मन अभ्यासकाने हे 1853 मध्ये दाखवून दिलं. म्हणजे क्लिओपात्राला आपल्याकडे ओढून आणायचं तर ती पितृश्रवा होईल, जरा पुराणातली वाटते पण नाव वजनदार आहे.

आणि इथे शाळेतला समास कामाला येतो, मला वाटलं नव्हतं कधी येईल. ‘वडिलांची शान’ हा झाला तत्पुरुष, म्हणजे ती स्वतःच शान. पण जुनी ग्रीक नावं बरीचशी बहुव्रीही असतात, नीलकंठसारखी. नीलकंठ म्हणजे निळा गळा नाही, ज्याचा गळा निळा आहे तो. तसंच क्लिओपात्रा म्हणजे जिच्या वडिलांची कीर्ती आहे ती, जिला वडिलांकडून कीर्ती आलीय ती. फरक छोटा वाटतो, पण लेकीने लगेच पकडला. पहिल्या अर्थात काम मुलीचं, तिने काहीतरी करून वडिलांचं नाव काढायचं. दुसऱ्या अर्थात कीर्ती वडिलांची आधीपासून असायला हवी. "मग बाबा, तुझी कीर्ती कुठंय?" मी म्हटलं जेवून घे.

याच नावाचे दोन तुकडे उलटे लावले की काय होतं माहितीये? पात्रोक्लोस. अकिलीसचा जिवलग मित्र. आणि हे नुसतं माझं शब्दांशी खेळणं नाही. त्याच नवव्या सर्गात रुसून बसलेल्या अकिलीसला समजवायला म्हातारा फीनिक्स एक गोष्ट सांगतो, मेलेआग्रोस नावाचा वीर असाच रागावून बायकोपाशी घरात पडून राहिला होता, शहर जळायला लागलं, बाप आला, आई आली, दोस्त आले, कोणाचं ऐकलं नाही, शेवटी बायकोने रडून शहर पडल्यावर काय काय होतं ते सांगितलं तेव्हा उठला. त्या बायकोचं नाव क्लिओपात्रा. आणि पुढे अकिलीसला जो हलवतो, रडून, तो पात्रोक्लोस. बघा म्हणजे, तेच दोन तुकडे एकदा सरळ, एकदा उलट. तिचे आईवडील घरी तिला आल्किओने म्हणायचे असंही होमर जाता जाता सांगतो, तिच्या आईला अपोलोने पळवलं होतं तेव्हा आई त्या नावाच्या पक्षिणीसारखी रडली म्हणून. म्हणजे पहिल्या क्लिओपात्रालाही घरात टोपणनाव होतंच. कार्डावर यातलं एक अक्षर नाही, त्याऐवजी अर्ध्या जागेत लकी रंग आणि लकी नंबर छापलाय.

मग ती खरी, आपली, इ.स.पू. 69 ते 30 वाली. तिच्या नावाला जोडून अधिकृत बिरुद काय तर थेआ फिलोपातोर, म्हणजे वडिलांवर माया करणारी देवी. म्हणजे नावात बाप, बिरुदात बाप. आणि बाप कोण? बारावा टॉलेमी, ज्याला लोक औलेतेस म्हणायचे, बासरीवाला, आणि ते कौतुकाने नव्हे. याच बापाने गादी परत मिळवल्यावर स्वतःची थोरली मुलगी बेरेनिके, जी त्याच्या पाठीमागे राणी झाली होती, तिला मारून टाकलं. अशा घरात धाकटीने वडिलांवर माया करणारी हे बिरुद लावून राज्य करायचं, यात माया किती आणि शहाणपण किती ते तुम्हीच ठरवा. पुढे त्यात फिलोपात्रिस पण जोडलं गेलं, मायदेशावर प्रेम करणारी, आणि गंमत म्हणजे मायदेशाचा तो शब्द पण पातेरवरूनच, त्यांचा देश आईचा नाही, बापाचा.

नाण्यांवर बघा, तिथे नाव षष्ठीत येतं. अलेक्झांड्रियाच्या ब्राँझच्या नाण्यांवर ‘क्लेओपात्रास बासिलिसेस’, म्हणजे राणी क्लिओपात्राचं, क्लिओपात्राचं काय तर हे नाणं. आपण वहीवर नाव घालतो तसं. रोमन सेनानी अँटनीबरोबरच्या रोमन चांदीच्या नाण्यावर लॅटिनमध्ये ‘क्लेओपात्राए’, तिथेही षष्ठीच, राजांची राणी आणि राजे असलेल्या मुलांची आई अशा थाटात. तिची मुलगी क्लिओपात्रा सेलेने, सेलेने म्हणजे चंद्र, आणि तिच्या जुळ्या भावाचं नाव अलेक्झांडर हेलिओस, म्हणजे सूर्य. ती उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेटानियाच्या युबा राजाला दिली. त्यांच्या नाण्यांवर एका बाजूला लॅटिनमध्ये राजा युबा आणि दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये राणी क्लेओपात्रा, आई हरली, मेली, इजिप्त रोमने गिळलं, आणि पोरगी परक्या देशात आपल्या लिपीत आईचं नाव छापतेय. ते नाणं कुणी पेंडंट करून विकलं तर मी डोळे झाकून घेईन.

उच्चाराचं पण सांगतो कारण कार्डावर मराठीत ‘क्लिओपॅट्रा’ छापलंय आणि ते वाचून माझे दात शिवशिवले. ग्रीकमध्ये तो त आहे, दातांवरचा स्वच्छ त, ट नाही. ट आणि ॅ आपल्याकडे इंग्रजीवरून आले. शिवाय पहिलं अक्षर क्ले, क्लि नाही, आणि जोर पा वर. क्लेओपात्रा म्हणा, अगदी जवळ जाल. त्यात आपल्याला पात्रा म्हटलं की पूजेचं पात्र नाहीतर नाटकातलं पात्र आठवतं, त्याचा काही संबंध नाही. अरबांकडे प नाही म्हणून त्यांची किल्योबात्रा, फ्रेंचांची क्लेओपात्र. मी स्वतः वर सगळीकडे क्लिओपात्रा लिहिलंय कारण सवय, आणि सवयीला कोण काय करणार.

त्यांच्याकडे याच डिझाइनमध्ये आणखी राण्या आहेत. बेरेनिके आहे, ते मॅसेडोनियन तोंडातलं रूप, बाकीच्या ग्रीकांचं फेरेनिके, विजय आणणारी, त्यातला फेर म्हणजे संस्कृतातला भृ, भार वाहणारा. त्या नावाच्या एका राणीच्या कापलेल्या केसांचा आकाशात तारकासमूह आहे, ते पेंडंट खरं तर जास्त सुंदर झालं असतं. ओलिंपियास आहे, अलेक्झांडरची आई, पण तिचं नाव चित्रलिपीत कशाला, बाई मॅसेडोनियाची, इजिप्तची राणी कधीच नव्हती. असो. नेफरतिती त्याच कार्डासकट आहे, तिच्याही खाली तोच लकी नंबर.

तर ती तीन टिंबं. शेवटी उत्तर आलं, आणि या वेळी बहुतेक कोणीतरी माणूस बसला होता. म्हणाला सर तुम्ही ड्रॉइंग पाठवलं तर वर्कशॉपला विचारून बघतो, नवीन बनवून देऊ, जास्तीचे पैसे नको. हे मात्र मनापासून आवडलं, तीनातला एक अख्खा स्टार या माणसाचा. लेकीने शनिवारची अख्खी दुपार बसून पट्टीने चौकट आखून चित्र काढलं, त्रिकोण, सिंह, पान, फास, चौकोन, गिधाड, पंजा, तोंड, गिधाड, खाली पाव आणि अंडं, आणि प्रत्येक प्राण्याच्या तोंडासमोर बाण काढून लिहिलं ‘इकडे बघतोय’.

तीन आठवड्यांनी दुसरं आलं. त्रिकोण आहे. सिंह आणि गिधाडं तिघंही एका बाजूला बघतायत, शेवटी समेट झाला. पंजाला पाचऐवजी चार बोटं दिसतात पण ती साइझच एवढी आहे, मी भिंग लावून मोजली म्हणून कळलं. पाव आहे, अंडंही आहे, फक्त अंडं जरा लांबट झालंय आणि एका बाजूला कललंय. सोबत कार्ड आलं ते जुनंच, ‘मूळ: इजिप्शियन’. लेकीने पेनाने खोडून त्यावर ग्रीक लिहिलं, वडिलांची शान तसंच ठेवलं, आणि पहिलं पेंडंट, उलट्या सिंहाचं, ते आता माझ्या गाडीच्या किल्लीला आहे.